दहावीचा इंग्रजी विषय : गावात राहून, शिकवणीशिवाय अभ्यास कसा करावा

दहावीत पाऊल ठेवले की घरोघरी गणिताची आणि इंग्रजीची धास्ती सारखीच असते. फरक इतकाच, की गणितासाठी काय करायचे ते मुलांना निदान ठाऊक असते, तर इंग्रजीसाठी गाईड विकत आणून प्रश्नोत्तरे पाठ करण्यापलीकडे काही सुचत नाही. हा लेख विदर्भातील खेड्यांत मराठी माध्यमातून किंवा सेमी-इंग्रजीतून शिकणाऱ्या, यंदा पहिल्यांदाच बोर्डाच्या परीक्षेला सामोऱ्या जाणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. तालुक्याच्या ठिकाणी शिकवणी लावण्याची ऐपत किंवा सोय नाही, घरात इंग्रजी जाणणारे कोणी नाही आणि शाळेच्या तासाव्यतिरिक्त हाताशी फक्त पाठ्यपुस्तक व एखादा मोबाइल आहे, असे गृहीत धरूनच पुढचे सारे लिहिले आहे.

आधी कृतिपत्रिका, मग पुस्तक

बहुतेक मुले जून-जुलैत पहिला धडा उघडतात आणि प्रश्नपत्रिका कशी असते हे थेट जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेत पाहतात. हा क्रम उलटा करावा. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात आपल्या इंग्रजीच्या शिक्षकांकडून मागच्या वर्षीची कृतिपत्रिका मागून घ्यावी (बोर्ड प्रश्नपत्रिकेला कृतिपत्रिका म्हणते), तिची झेरॉक्स काढावी आणि ती वहीच्या पहिल्या पानाला चिकटवून टाकावी. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी ही तृतीय भाषा असते. सेमी-इंग्रजीच्या मुलांचे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असले तरी इंग्रजी विषयाचा त्यांचा पेपर मराठी माध्यमाच्या मुलांचाच असतो. इंग्रजी माध्यमाच्या मुलांचे पाठ्यपुस्तक मात्र वेगळे आहे, म्हणून पुस्तक, गाईड किंवा सराव-संच विकत घेताना मुखपृष्ठावर आणि आतल्या पानावर काय लिहिले आहे ते पाहूनच पैसे द्यावेत. बाजाराच्या गर्दीत दुकानदाराने चुकीचा संच हातात ठेवणे ही नेहमीची गोष्ट आहे.

विषय १०० गुणांचा आहे. त्यांतले ८० लेखी परीक्षेचे, तर २० गुण शाळेतच होणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. सध्याच्या आराखड्यात ८० गुणांची वाटणी साधारण अशी आहे : पहिला प्रश्न भाषाभ्यासाचा, १० गुणांचा, दुसरा पाठ्यपुस्तकातील दोन उताऱ्यांचा, २० गुणांचा, तिसरा कवितेचा, १० गुणांचा, चौथा पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याचा आणि त्याच्या सारांशाचा, १५ गुणांचा, पाचवा आणि सहावा लेखनकौशल्याचा, मिळून २० गुणांचा, आणि सातवा भाषांतराचा, ५ गुणांचा.

आता ही बेरीज जरा वेगळ्या नजरेने पाहावी. दुसऱ्या प्रश्नातले दोन्ही उतारे कृतिपत्रिकेत जसेच्या तसे छापलेले असतात. तिसऱ्या प्रश्नात कविताही छापलेली असते, अगदी रसग्रहणासाठी दिलेली कवितासुद्धा. चौथ्या प्रश्नातला उतारा तर सर्वांनाच नवा असल्यामुळे तो छापावाच लागतो, आणि सारांशही त्याच उताऱ्याचा लिहायचा असतो. म्हणजे ८० पैकी ४५ गुणांसाठी लागणारा मजकूर परीक्षेच्या दिवशी तुमच्या डोळ्यांसमोर असतो. जे समोर असणार आहे ते पाठ करण्यात वर्ष घालवायचे, आणि समोरचा मजकूर वाचून समजून घेण्याचा सराव मात्र करायचा नाही, असा उफराटा कारभार आपल्या शाळांमधून वर्षानुवर्षे चालत आला आहे. इंग्रजीत कमी गुण पडणाऱ्या मुलांपैकी अनेकांची स्मरणशक्ती उत्तम असते. त्यांना नवे पान वाचण्याची सवय नसते, एवढेच.

उतारा वाचण्याची पद्धत

म्हणून पहिली पायरी वाचनाची. उन्हाच्या तडाख्यामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटी-शेवटी उघडतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पावसामुळे बुडणारे दिवसही पुष्कळ असतात. तेव्हा शाळेत धडा कधी शिकवतील याची वाट न पाहता पुस्तक हाती येताच रोज एक पान मोठ्याने वाचायला लागावे. पुस्तक मिळायला उशीर होत असेल, तर बालभारतीच्या ई-बालभारती या संकेतस्थळावर सर्व पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य आहेत. गावात नेटवर्क धड मिळत नसेल, तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर एकदाच उतरवून ठेवावीत. पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा या ॲपमधून स्कॅन केले की त्या धड्याशी संबंधित साहित्य मिळते. त्यात ऐकण्याजोगे काही सापडले तर ते आधी ऐकावे आणि मगच वाचावे, कारण इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ मराठीसारखा सरळ नसतो, आणि चुकीचा उच्चार एकदा जिभेवर बसला की तो सहजी निघत नाही.

एखादा उतारा अभ्यासायला घेतला की तो तीनदा वाचावा. पहिल्या वाचनात हातात पेन्सिल घेऊ नये आणि अडलेल्या शब्दापाशी थांबू नये. फक्त कोणाबद्दल चालले आहे, काय घडले आणि कुठे घडले, एवढे समजून घ्यावे. दुसऱ्या वाचनात ज्या शब्दांवाचून अर्थ खरोखरच अडतो तेवढ्यांखालीच रेघ मारावी. असे शब्द एका परिच्छेदात चार-पाचांहून जास्त नसतात, असा अनुभव येईल. बाकीच्यांचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून लागतो. शब्दकोश त्या चार-पाच शब्दांसाठीच उघडावा. प्रत्येक अनोळखी शब्दाचा मराठी अर्थ पुस्तकातच वर लिहून ठेवण्याची सवय असेल तर ती या वर्षी सोडावी, कारण डोळा मराठी अर्थच वाचतो आणि खालचा इंग्रजी शब्द तसाच अनोळखी राहतो. तिसरे वाचन कृती सोडवताना करावे.

कृतिपत्रिकेत प्रत्येक उताऱ्यावर पाच कृती असतात आणि प्रत्येकीला २ गुण असतात. पहिल्या दोन कृतींची उत्तरे उताऱ्यातून शोधून काढता येतात. रिकाम्या जागा, चूक की बरोबर, जोड्या, वेब किंवा तक्ता पूर्ण करणे, घटनांचा क्रम लावणे, असे त्यांचे स्वरूप असते. तिसरी शब्दसंग्रहाची आणि चौथी व्याकरणाची असते. पाचव्या कृतीत तुमचे स्वतःचे मत विचारतात, आणि हीच कृती खेड्यातली मुले हमखास कोरी सोडतात. ती सोडू नये. तिथे उताऱ्यातले वाक्य उतरवून काढण्याची अपेक्षाच नसते. तीन-चार सोप्या, शुद्ध वाक्यांत तुमचा अनुभव लिहिला की काम भागते. आवडत्या सणाबद्दल विचारले तर गाईडमधला दिवाळीचा अवघड परिच्छेद आठवत बसण्यापेक्षा पोळ्याबद्दल लिहावे : आम्ही बैल धुतो, त्यांची शिंगे रंगवतो, त्यांना पुरणपोळी खाऊ घालतो, दुसऱ्या दिवशी लहान मुले तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन फिरतात. वॉश, पेंट, फीड, टेक ही चारही क्रियापदे पाचवी-सहावीपासून तुमच्या ओळखीची आहेत.

प्रश्न वाचताना पहिला शब्द नीट पाहावा, ही सूचना प्रत्येक शिक्षक करतो आणि तरीही निम्मी मुले तिकडे दुर्लक्ष करतात. हू म्हटले की उत्तरात माणूस किंवा प्राणी आलाच पाहिजे, व्हेन म्हटले की काळ, व्हेअर म्हटले की जागा, आणि व्हाय म्हटले की कारण. उताऱ्यातला जो शब्द प्रश्नातही आला आहे तो आधी शोधावा. उत्तर बहुधा त्याच ओळीत किंवा तिच्या आगेमागे सापडते.

वाक्य : सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा

इंग्रजी वाचून समजते, पण लिहिता येत नाही, ही तक्रार सर्रास ऐकू येते. तिचे मूळ बहुतेकदा वाक्याच्या मांडणीत असते. मराठीत क्रियापद शेवटी येते : मी रोज सकाळी बाबांसोबत वावरात जातो. इंग्रजीत ते कर्त्याच्या लगेच पाठोपाठ येते : आय गो टू द फील्ड विथ माय फादर एव्हरी मॉर्निंग. डोक्यात मराठी वाक्य तयार करून त्याचा एकेक शब्द इंग्रजीत फिरवत गेले की क्रियापद शेवटी लोंबकळत राहते किंवा हरवूनच जाते. यावर उपाय म्हणजे लिहिण्याआधी मराठी वाक्यच इंग्रजीच्या क्रमाने मनात मांडून घेणे : कोण, काय करतो, कशाला किंवा कुठे, कोणासोबत, केव्हा. पहिले काही आठवडे वहीत पाच रकाने आखून त्यांत रोज पाच वाक्ये लिहावीत. विषय घरचेच घ्यावेत : आईने काय रांधले, एसटी किती उशिरा आली, कोणाच्या वावरात डवरणी झाली. दिवाळीपर्यंत रकान्यांची गरज उरणार नाही.

मेळघाटातील कोरकू, गडचिरोली-चंद्रपूरकडील गोंडी व माडिया, यवतमाळ भागातील कोलामी किंवा तांड्यावरची गोरमाटी घरात बोलणाऱ्या मुलांसाठी इंग्रजी ही प्रत्यक्षात तिसरी नव्हे, चौथी भाषा ठरते. या मुलांनी मनातले वाक्य आधी मराठीत आणि मग इंग्रजीत, असा दुहेरी फेरा घालण्याची गरज नाही. वरचे पाच रकाने घरच्या भाषेतून थेट भरले तरी चालतात, आणि एकाहून अधिक भाषांत लहानपणापासून वावरलेल्या मुलांना वाक्याचा हा बदललेला क्रम कित्येकदा इतरांपेक्षा लवकर उमगतो.

मराठी बोलणाऱ्यांच्या हातून पुन्हापुन्हा होणाऱ्या चुका थोड्याच आहेत आणि त्या ओळखून ठेवल्या तर निम्मे व्याकरण सुधारते. मराठीत अ, अॅन, द यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून ती लिहायची राहून जातात. एकवचनी, मोजता येणारे नाम एकटे उभे दिसले की त्याच्या आधी काही राहिले आहे का, ते तपासावे. ही, शी, इट किंवा एकाच व्यक्तीचे नाव कर्ता असेल, तर साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला एस लागतो, आणि वाक्यात डज आला की तो एस निघून जातो. डिड आल्यावर क्रियापद मूळ रूपात येते, म्हणजे डिड नॉट वेंट असे न लिहिता डिड नॉट गो असे लिहावे. मराठीत झाडाखाली, घरात, टेबलावर असे शब्दाच्या मागे जोडून लिहितो ते इंग्रजीत शब्दाच्या पुढे, सुटे येते : अंडर द ट्री, इन द हाऊस, ऑन द टेबल. आणि मराठीत ‘तो हुशार’ एवढ्यावर भागते. इंग्रजीत मधला इज गाळता येत नाही.

व्हॉइस, रिपोर्टेड स्पीच, डिग्री, क्वेश्चन टॅग वगैरे प्रकार शाळेत शिकवले जातातच. त्यांचे नियम पाठ करण्यापेक्षा प्रत्येक प्रकाराचे स्वतः तयार केलेले एक नमुना-वाक्य वहीत असावे. परीक्षेत नियम आठवला नाही तरी नमुना आठवतो.

शब्दसंग्रहासाठी वेगळे पुस्तक घेण्याची मुळीच गरज नाही. बियाण्याच्या पाकिटावर, खताच्या पोत्यावर, बँकेच्या पासबुकावर, मोबाइलच्या सेटिंगमध्ये इंग्रजी मजकूर असतो आणि तो घरात रोज दिसतो. कीटकनाशकासोबत येणारे माहितीपत्रक तर आज्ञार्थी वाक्यांचा उत्तम संग्रह आहे : मुलांच्या हाती लागू देऊ नका, वापरण्यापूर्वी हलवा, हातमोजे घाला. त्यावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा यावरून विषारीपणाची पायरी कळते. लाल सर्वांत जहाल. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्याकडे कोणी विसरलेले नाही, त्यामुळे घरातल्या शिकत्या मुलाला हे माहितीपत्रक वाचता आले तर त्याचा उपयोग कृतिपत्रिकेपुरता राहणार नाही. वापरलेल्या बाटल्यांना हात मात्र लावू नये. पत्रक वेगळे मागून घ्यावे.

लेखनाचे वीस गुण

पाचव्या प्रश्नात पत्रलेखन ५ गुणांचे, आणि संवादलेखन किंवा भाषण ५ गुणांचे असते. सहाव्यात माहितीचे रूपांतर ५ गुणांचे, आणि बातमी किंवा गोष्ट ५ गुणांची असते.

पत्रासाठी बहुधा एखादे पत्रक किंवा थोडी माहिती दिलेली असते आणि त्यावरून घरगुती किंवा औपचारिक यांपैकी एक पत्र लिहायचे असते. दिलेल्या माहितीतला एकही मुद्दा सोडायचा नाही, हे पथ्य पाळले की मजकुराची चिंता मिटते. औपचारिक पत्राचा साचा, म्हणजे पत्ता, तारीख, प्रति, विषय, मायना, मजकूर, शेवट आणि सही, हा डोळे मिटून लिहिता आला पाहिजे. पाठांतराच्या लायकीची जी मोजकी गोष्ट या पेपरात आहे ती हीच. शाळेसाठी झाडांची रोपे मागणे, ग्रंथालयासाठी पुस्तके मागवणे, पाणंद रस्त्याची दुरुस्ती व्हावी म्हणून विनंती करणे, अशा विषयांवर आठवड्याला एक पत्र लिहावे. संवादात आधी विस्कळीत वाक्यांचा क्रम लावायचा असतो, मग अपुरा संवाद पूर्ण करायचा असतो आणि शेवटी दिलेल्या विषयावर स्वतः संवाद लिहायचा असतो. पहिले दोन भाग सोपे असतात, आणि तिसऱ्यात प्रत्येक प्रश्नाला त्याचेच उत्तर मिळते आहे एवढे पाहावे.

माहितीच्या रूपांतराकडे मुले उगीच घाबरून पाहतात. एकतर तक्ता, आलेख किंवा ओघतक्ता देऊन त्यावर परिच्छेद लिहायला सांगतात, नाहीतर परिच्छेद देऊन त्याचा तक्ता करायला सांगतात. दोन्हीत माहिती दिलेली असते. तुम्ही तिचे फक्त रूप बदलायचे असते. सरावासाठी आपल्या घरचीच प्रक्रिया घ्यावी. कापसाचा प्रवास एका ओळीत मांडला तर तो असा होतो : पेरणी, निंदण, फवारणी, वेचणी, वाहतूक, जिनिंग, गठाण. आता याचा परिच्छेद करताना प्रत्येक टप्प्यावर कोण काम करते यापेक्षा काय केले जाते हे महत्त्वाचे असल्यामुळे पॅसिव्ह व्हॉइस आपोआपच लागतो. कॉटन इज सोन इन जून. द वीड्स आर रिमूव्ह्ड. द क्रॉप इज स्प्रेड व्हेन पेस्ट्स अटॅक इट. द कॉटन इज पिक्ड बाय हँड. इट इज टेकन टू द जिनिंग मिल. देअर द सीड्स आर सेपरेटेड फ्रॉम द फायबर. फायनली द फायबर इज प्रेस्ड इनटू बेल्स. सात वाक्ये झाली, आणि पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे काय हे फळ्यावरच्या नियमांपेक्षा इथे जास्त चांगले कळते, कारण वेचलेल्या कापसाचे काय होते हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे. फर्स्ट, देन, आफ्टर दॅट, फायनली हे जोडशब्द योग्य जागी घातले की परिच्छेद गुंफला जातो. याच रीतीने हरभऱ्याची डाळ, संत्र्याच्या बागेतली तोडणी, मोहाची फुले वेचण्यापासून वाळवण्यापर्यंतचे काम, जे तुमच्या भागात चालते त्यावर लिहून पाहावे. संख्यांचा तक्ता असेल तर सर्वांत जास्त कोणते, सर्वांत कमी कोणते आणि दोहोंत फरक किती, या तीन गोष्टी लिहाव्यात. डिग्रीचा सराव तिथेच होतो.

बातमी लिहिताना मथळा दिलेला असतो. त्याखाली ठिकाण आणि तारीख, मग पहिल्याच वाक्यात काय, कुठे, केव्हा, आणि नंतर तपशील भूतकाळात लिहावा. गोष्टीचा सुरुवातीचा किंवा शेवटचा भाग दिलेला असतो. दोन्हींपैकी एकाचीच तयारी करायची असेल तर बातमीची करावी, असे माझे मत आहे, कारण तिला ठरलेला सांगाडा आहे आणि गोष्टीत काळांचा गोंधळ होण्याचा धोका अधिक असतो.

स्वस्तात मिळणारे गुण

पहिल्या प्रश्नातले १० गुण इतके सोपे असतात की हुशार मुले त्यांकडे लक्षच देत नाहीत. शब्दांतली गाळलेली अक्षरे भरणे, शब्द वर्णानुक्रमे लावणे, विरामचिन्हे देणे, एका मोठ्या शब्दातून लहान शब्द काढणे, शब्दसाखळी पुढे नेणे, असे ते प्रकार असतात. झोपण्यापूर्वी दहा मिनिटे धाकट्या भावंडांबरोबर शब्दसाखळी खेळली तरी पुरते. भाषांतराच्या ५ गुणांत इंग्रजी शब्द, वाक्ये आणि एखादी म्हण मराठीत आणायची असते. वाक्याचा शब्दशः अनुवाद करू नये. मराठीत आपण ते कसे म्हणू, तसे लिहावे. म्हणीच्या जागी मराठीत रूढ असलेली म्हण आठवली तर उत्तमच.

कवितेच्या रसग्रहणाला ५ गुण असतात. शीर्षक आणि कवीचे नाव यांना अर्धा-अर्धा, यमकरचनेला १, अलंकाराला १ आणि मध्यवर्ती कल्पनेला २, अशी त्यांची फोड असते. यमकरचना कवितेच्या ओळींची शेवटची अक्षरे ऐकून काढायची असते, त्यामुळे ती पाठ करण्याऐवजी प्रत्येक कविता मोठ्याने म्हणून पाहावी. मध्यवर्ती कल्पना मात्र प्रत्येक कवितेसाठी दोन-तीन वाक्यांत स्वतः लिहून शिक्षकांकडून तपासून घ्यावी.

सारांश लिहिताना मूळ उताऱ्यातल्या कृतींनी उघड झालेले मुद्दे हाताशी असतातच. उदाहरणे, विशेषणे, पुनरुक्ती गाळून उताऱ्याच्या साधारण एकतृतीयांश लांबीत आपल्या वाक्यांत मुद्दे मांडावेत आणि शीर्षक द्यावे. शीर्षक द्यायला विसरू नये.

अंतर्गत २० गुणांसाठी शाळेत ऐकण्या-बोलण्याची कौशल्ये तपासली जातात. तोंडी परीक्षेच्या दिवशी गैरहजर राहिल्याने नुकसान करून घेणारी मुले दर वर्षी निघतात. बोलण्याची भीड घालवण्यासाठी दोघा-तिघांनी मिळून शाळेच्या वाटेवर ठरलेल्या अंतरापर्यंत फक्त इंग्रजीतच बोलायचे, असा नेम करावा. चुकले तर हसणारे तेच दोघे-तिघे असतात. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या ऐकाव्यात. त्यांची गती संथ आणि उच्चार भारतीय कानांना ओळखीचे असतात.

वर्षाची आखणी

आपल्याकडचे शैक्षणिक वर्ष कागदावर एक आणि वावरात दुसरेच असते. सप्टेंबरअखेरीपासून सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, त्यातच प्रथम सत्र परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी, अशा ओढाताणीत दहावीच्या मुलांचेही कामाचे दिवस जातात. ते टाळता येत नसतील तर पालकांनी निदान एवढे पाहावे, की सकाळचा अर्धा तास मुलाच्या हातचा सुटणार नाही. नव्या पानाचे वाचन आणि पाच वाक्ये एवढ्या वेळात होतात. लेखनाचे लांब सराव पावसाळ्यातच उरकावेत, म्हणजे वेचणीच्या हंगामात फक्त उजळणी राहील. रात्री लाइनीचा भरवसा नसलेल्या गावांत तर पहाटेचा उजेडच खरा.

डिसेंबरपासून आठवड्यातून एकदा, घड्याळ लावून, पूर्ण कृतिपत्रिका सोडवावी. पेपर तीन तासांचा असतो आणि अलीकडे शेवटी १० मिनिटे वाढवून मिळतात. तरीही वेळ कमी पडतो, कारण वाचन हळू असते. लेखनाच्या २० गुणांना ५० मिनिटे, तीन उताऱ्यांना मिळून सव्वा तास, असे ढोबळ माप ठेवावे आणि राहिलेल्या वेळात कविता, सारांश, भाषाभ्यास व भाषांतर बसवावे. पुस्तकाबाहेरच्या उताऱ्यांसाठी नववीचे पुस्तक आणि इतर इयत्तांची पुस्तके वापरता येतात; ती जुन्या विद्यार्थ्यांकडून मागून मिळतात.

परीक्षा आणि निकाल

परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होते. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे नागपूर विभागीय मंडळाकडे, तर अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम अमरावती विभागीय मंडळाकडे येतात. केंद्र दुसऱ्या गावी असेल तर आदल्या दिवशीच सकाळच्या एसटीची वेळ आगारात किंवा थांब्यावर विचारून घ्यावी, आणि ती गाडी चुकली तर दुसरी सोय काय, हेही घरात ठरवावे. दालनात कृतिपत्रिका हाती आल्यावर आधी चौथ्या प्रश्नातला नवा उतारा सोडवावा, असा माझा सल्ला असतो. ताज्या डोक्याने तो लवकर उलगडतो आणि मग ओळखीचे उतारे भराभर होतात. उत्तराला कृतिपत्रिकेतलाच क्रमांक द्यावा. शेवटच्या १० मिनिटांत नवे काही लिहू नये. प्रत्येक वाक्याची सुरुवात मोठ्या अक्षराने झाली आहे का, शेवटी पूर्णविराम आहे का, आणि क्रियापदाचा एस किंवा इज राहिला आहे का, एवढेच पाहावे.

शाळा मध्येच सुटलेल्या आणि आता १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसणाऱ्या मुलामुलींनाही हीच पद्धत लागू पडते. फॉर्मच्या तारखा नियमित विद्यार्थ्यांपेक्षा आधी येतात, तेव्हा जवळच्या माध्यमिक शाळेत पावसाळ्यातच चौकशी करावी, आणि अंतर्गत मूल्यमापनासाठी कुठे व केव्हा जायचे तेही तिथेच विचारून घ्यावे.

निकालानंतर गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी वाटले, तर गुणपडताळणीसाठी आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी ठरलेल्या मुदतीत अर्ज करता येतो. इंग्रजीत नापास झालेल्याने छायाप्रत अवश्य मागवावी, कारण कोणत्या प्रश्नात काय झाले हे तिच्यावरून नेमके दिसते : पाचवी कृती तिन्ही उताऱ्यांत कोरी आहे का, सारांश लिहिलाच नाही का, की पत्राचा साचा चुकला. जून-जुलैत होणाऱ्या पुरवणी परीक्षेपर्यंत मिळणाऱ्या थोड्या आठवड्यांत सगळे पुस्तक पुन्हा घोकण्यापेक्षा त्या कोऱ्या जागांचाच सराव करावा. आणि एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश घेता येतो, हे महाविद्यालयात जाऊन वेळीच विचारावे.